सांडपाण्यावरची कर्दळ: खाडीतल्या तिवरांकडून शिकून सोलापुरात वाफा कसा बांधायचा

मागच्या उन्हाळ्यात लग्नकार्यासाठी आम्ही बारा दिवस घर बंद ठेवून लातूरला गेलो होतो. परत आलो तर मागच्या अंगणात, मोरीचं पाणी साफ करायला खडी भरून केलेला कर्दळीचा वाफा अख्खा आडवा झालेला. जाताना ती कर्दळ माझ्या डोक्याच्या वर गेली होती, पानं केळीसारखी रुंद आणि काळपट हिरवी. येणारा-जाणारा विचारायचा, "काय खत घालता हो?" खत कसलं, मोरीचं पाणी. आणि त्याच अंगणात, धुण्याच्या दगडाच्या कडेला, कुणी कधी लक्ष न दिलेली कर्दळीची चार खुजी रोपं पानं गुंडाळून का होईना, उभी होती.

वाफ्यातला एक गड्डा उपटायला गेले तर तो हाताबरोबर वर आला. मुळं जेमतेम वीतभर, खडीच्या वरच्या थरात चटईसारखी आडवी पसरलेली. खालची दीड फूट खडी कोरी होती. दगडाजवळचं खुजं रोप काढायला मात्र खुरपं पुरलं नाही, टिकाव आणावा लागला.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा प्रकार मी आधी वाचलेला होता. फरक इतकाच की तो कर्दळीबद्दल नव्हता, खारफुटीबद्दल होता, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांबद्दल. तिवर त्यांतलंच एक. समुद्र आपल्यापासून अडीचशे किलोमीटरहून लांब, तेव्हा सोलापूरकराला खारफुटीचं काय, असं वाटेल. पण नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांनी भरलेल्या पाण्यात वनस्पती कशी वागते, याचा जितका बारीक अभ्यास खारफुटीवर झालाय तितका अंगणातल्या झाडांवर झालेला नाही. म्हणून आधी तिकडे जाऊ, मग वाफ्याकडे येऊ.

खारफुटी सांडपाण्याचं काय करते

ठाण्यात कोपरीला माझी बहीण राहते. ओहोटीच्या वेळी ती मला खाडीकाठी घेऊन गेली होती. नाल्याच्या तोंडाशी तिवरं इतकी दाट की पलीकडचं दिसत नव्हतं. ती म्हणाली, "बघ, गटारावर कशी पोसलीत." खरंच पोसली होती. चिखलातून बोटांसारखी वर आलेली श्वसनमुळं मात्र काही ठिकाणी हिरव्या शेवाळाखाली आणि प्लास्टिकखाली दबलेली होती. वरची पानं आणि खालची मुळं अशा दोन्हींकडे एकाच वेळी बघायला हवं, हे तेव्हा मला सुचलं नाही.

खाडीच्या चिखलात बोटभर खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. म्हणून तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तिवराची श्वसनमुळं हवा आत घेतात, ती मुळांपर्यंत पोचते आणि थोडी बाहेर झिरपून मुळाभोवती ऑक्सिजनचं पातळ आवरण तयार होतं. त्या आवरणात एका जातीचे जिवाणू सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. आवरणाच्या बाहेर, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात, दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. भरती-ओहोटीमुळे चिखल आलटून पालटून भिजतो आणि हवा खातो, त्यामुळे दोन्ही कामं शेजारी-शेजारी होतात. स्फुरदाचं गणित वेगळं. ते हवेत उडून जात नाही. चिखलातल्या लोहाला आणि चिकणमातीला चिकटून बसतं, आणि चिखलातला ऑक्सिजन पार संपला की त्यातलं काही पुन्हा सुटतं.

म्हणजे पाणी साफ करण्याचं मोठं काम चिखल करतो, झाड नव्हे. चीनमध्ये शेन्झेन शहरातल्या फुतियान खारफुटीत वॉंग आणि टॅम या संशोधकांच्या गटाने १९९० च्या दशकात शहरी सांडपाणी सोडून बघितलं, तेव्हा झाडांच्या वाढीत फारसा फरक पडला नाही. एवढं सगळं पोषण गेलं, आणि झाडाकडे बघून ते कळलंही नसतं. उलट्या टोकाचा अनुभव तांबड्या समुद्राच्या काठावर आला. तिथल्या तिवरांवर सांडपाण्याचा भार इतका पडला की श्वसनमुळंच खराब झाली आणि झाडं वाळली. पोषण जास्त होतं हे खरं, पण झाडं गुदमरून मेली.

मधलं चित्र त्याहून रंजक आहे. मध्य अमेरिकेतल्या बेलिझ देशात ट्विन केज नावाची छोटी बेटं आहेत. इल्का फेलर यांनी १९९० च्या दशकात तिथल्या खारफुटीला मुद्दाम खत देऊन बघितलं. पाण्याच्या कडेची उंच झाडं नत्राला भुकेली निघाली आणि आतल्या भागातली वर्षानुवर्षं खुजी राहिलेली झाडं स्फुरदाला. खुज्यांना स्फुरद मिळालं आणि ती भराभर वाढली. तेच पाणी, तीच जात, पण भूक वेगळी. म्हणून 'खारफुटीला सांडपाणी मानवतं का' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

आणि आता माझ्या आडव्या कर्दळीचं उत्तर. २००९ मध्ये लव्हलॉक, बॉल, मार्टिन आणि फेलर यांनी वेगवेगळ्या देशांतले असे खताचे प्रयोग एकत्र तपासले. खत मिळालेली झाडं वर जोरात वाढली, पण त्या मानाने मुळांत गुंतवणूक केली नाही. ज्या जागी पाऊस कमी आणि मातीत मीठ जास्त होतं, तिथे कोरडा काळ आला की खत मिळालेली झाडं न मिळालेल्यांपेक्षा जास्त मेली. अन्न आयतं तोंडाशी येत असताना झाड मुळं कशाला लांबवेल? वरचा पानांचा संसार मात्र वाढलेला, आणि त्याला पाणी लागतं तितकंच जास्त.

पाऊस कमी, पाण्यात क्षार जास्त आणि अधूनमधून कोरडा काळ. ही सोलापूरचीच कुंडली झाली.

आपल्याकडचं पाणी

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून उजनीत. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी, आणि त्या फुगवट्यात दरवर्षी जलपर्णी आणि हिरवं पाणी दिसतं ते याच नत्र-स्फुरदामुळे. तेच पाणी शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं, तेही रोज नाही. बोअरचं पाणी क्षारांचं. त्यात आपण धुण्याची पावडर घालतो, म्हणजे आणखी सोडियम. असं पाणी वर्षानुवर्षं काळ्या मातीत मुरलं की ती चोपण होते. पाणी वर साचतं, खाली जात नाही आणि उन्हात पांढरा थर फुलतो. अंगणाच्या कोपऱ्यात मोरीचं पाणी सोडून दिलेल्या किती घरांमागे हा पांढरा थर दिसतो, बघा एकदा.

एक गोष्ट आपल्या बाजूची. घरच्या सांडपाण्यातलं सुमारे ८० टक्के नत्र लघवीतून येतं. संडासाचं पाणी वेगळं ठेवलं की न्हाणीच्या आणि धुण्याच्या पाण्यात नत्र बेताचं उरतं. (लहान पोरं न्हाणीत काय करतात ते आपण सोडून देऊ.) म्हणून पुढचं सगळं फक्त अंघोळ, हात-तोंड आणि कपडे धुण्याच्या पाण्यासाठी आहे. संडासाचं पाणी या वाफ्यात सोडायचं नाही. घरात सूत रंगवण्याचं किंवा रंग उकळण्याचं काम चालत असेल तर ते पाणीही नाही. रंगाला हा वाफा पुरा पडत नाही.

"मग खारफुटीच लावा की," असं शेजारच्या काकांनी मला सुचवलं होतं. गोड्या पाण्यातही तिवर काही काळ जगेल. पण तो संथ वाढतो, सोलापूरच्या कोरड्या हवेत रखडेल, आणि त्याचं काम इथे कर्दळ सहज करते. रोप खाडीतच राहू द्या, रीत तेवढी घ्या.

आधी बादली, मग कुदळ

मी पहिल्या वेळी पाणी न मोजताच खड्डा खणला. तुम्ही तसं करू नका. एक आठवडा मोरीच्या पाइपाखाली बादली लावा आणि भिंतीवर रेघा ओढा. नळाच्या दिवशीचं पाणी वेगळं लिहा, इतर दिवसांचं वेगळं. आमच्याकडे पाच माणसं. नळ आला की चार दिवसांचे कपडे मशीनला लागतात आणि एका सकाळीच ५०० लिटरच्या आसपास पाणी येतं. बाकी चार दिवस रोज १८० लिटर. सरासरी निघाली साधारण २५० लिटर रोज.

आता आकार. पाणी वाफ्यात निदान तीन दिवस राहिलं पाहिजे, म्हणजे ७५० लिटर पाणी मावायला हवं. खडीत दगडच जास्त, मधल्या पोकळीत पाणी मावतं ते एकूण जागेच्या ३५ ते ४० टक्के. म्हणून १० फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट खोल असा वाफा घ्या आणि पाण्याची पातळी पावणेदोन फुटांवर धरा. हिशेब जुळतो. माणसं कमी असतील तर रुंदी कमी करा. लांबी शक्यतो कमी करू नका, नाहीतर पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने तसंच निघून जातं.

जागा निवडताना घराच्या पायापासून चार-पाच फूट लांब जा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिला पायाशी ओल मिळाली की भिंतीला तडे जातात. बोअर आणि हौद यांच्यापासून जितकं लांब जमेल तितकं. ऊन भरपूर हवं.

खड्डा, कागद, खडी

गवंड्याकडे लेव्हल बघायची पाण्याची नळी असते, ती आधी मागवा. मोरीचा पाइप जमिनीच्या पातळीलाच निघतो, म्हणून गाळणीची टाकी, वाफा आणि शेवटचा चेंबर, प्रत्येक टप्पा आधीच्याहून तीन-चार इंच खाली बसला पाहिजे. इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं आणि पाणी मोरीत उलटं फुगतं. वाफ्याच्या तळाला १० फुटांत इंचभर उतार पुरे.

तळ साफ करून टोकदार दगड वेचून काढा. त्यावर आम्ही घरातल्या जुन्या विरलेल्या चादरी अंथरल्या. सोलापुरात त्यांची वाण नाही. त्यावर ५०० मायक्रॉनचा शेततळ्याचा कागद, कडेला एक फूट बाहेर येईल असा. कागद न घालता 'काळी माती धरते की पाणी' असं गवंडी म्हणेल. पावसाळ्यात धरते. मार्चमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

खडी दोन प्रकारची. पाणी शिरतं आणि निघतं त्या दोन्ही टोकांना फूटभर ४० एमएमची, मधे १० ते २० एमएमची. खडी धुतल्याशिवाय आत टाकू नका. क्रशरवरून येणारी खडी भुकटीसकट येते आणि ती भुकटी तळाला बसून सिमेंटसारखी घट्ट होते. आम्ही घमेल्याला भोकं पाडून खडी धुतली, आणि पहिल्या दहा घमेल्यांचं पाणी ताकासारखं निघालं. मधल्या भागात चौथा हिस्सा भाजक्या विटांचे अंगठ्याएवढे तुकडे मिसळा. भाजलेल्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, खाडीचा चिखल धरतो तसंच. काळा दगड त्या कामाला जवळजवळ निरुपयोगी.

भरताना मध्यावर दोन इंची पाइपाचा तुकडा उभा ठेवा, खालच्या भागाला भोकं पाडलेला आणि वर झाकण असलेला. त्यात काठी घालून पाण्याची पातळी बघायची. हा पन्नास-शंभर रुपयांचा तुकडा पुढे रोज लागतो.

गाळणी

मोरी आणि वाफा यांच्यामधे झाकणाची २०० लिटरची टाकी किंवा विटांची हौदी. पाणी वरून आत येतं, केस आणि कपड्यांची लव जाळीत अडकते, गाळ तळाला बसतो आणि मधल्या उंचीवरून पाऊण इंची बारीक पाइपाने पाणी वाफ्यात जातं. पाइप बारीक मुद्दाम ठेवायचा, म्हणजे नळाच्या दिवशीचा लोंढा हळूहळू शिरतो. जाळी आठवड्यातून एकदा साफ केली नाही तर हा सगळा खटाटोप सहा महिन्यांत तुंबतो. भांडी घासण्याचं पाणी घ्यायचं असेल तर तेल अडवणारा वेगळा चेंबर लागतो. शेंगाचटणीच्या गावात तेल किती जातं ते मी सांगायला नको. मी ते पाणी घेतच नाही.

न चिकटवलेला एल्बो

संपूर्ण वाफ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा भाग हा. वाफ्याच्या शेवटच्या टोकाला तळाशी भोकं पाडलेला अडीच इंची आडवा पाइप, तो कागदातून बाहेर काढून विटांच्या छोट्या चेंबरमध्ये आणायचा. तिथे त्याला एक एल्बो (काटकोनात वळलेला जोड) आणि एल्बोत पावणेदोन फुटी उभा तुकडा. तुकडा उभा असला की वाफ्यात पाणी वरपर्यंत राहतं. एल्बो फिरवून तुकडा तिरका केला की पातळी उतरते.

आमचा प्लंबर सोल्युशनचा डबा उघडून बसला होता. म्हणाला, "मॅडम, न चिकटवता ठिवलं तर गळंल की." म्हटलं, गळू दे, चेंबरमध्येच गळेल ना. त्याने मान हलवली आणि एल्बोला थोडं ग्रीस लावून दिलं, म्हणजे फिरवायला सोपं. त्याचं ते ग्रीस अजून टिकून आहे.

हा एल्बो म्हणजे आपली भरती-ओहोटी. नळ येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तो निम्म्यावर झुकवते. वाफ्यातलं वरचं पाणी निघून जातं, खडीत हवा शिरते, अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळतो. दुसऱ्या दिवशी कपडे धुतल्याचं पाणी आलं की एल्बो पुन्हा उभा. वाफा भरतो, खाली हवा संपते आणि नायट्रेटचा वायू करणाऱ्यांची पाळी येते. शिवाय लोंढ्याला जागा आधीच मोकळी झालेली असते. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. या एका कामात मात्र तो सोयीचा पडला.

लागवड, आणि मुळांना खाली पाठवणं

कर्दळीचे गड्डे जून-जुलैत लावा, फूट-फूट अंतरावर. शेवटच्या तीन फुटांत वाळा लावला तर उत्तम, त्याची मुळं सरळ खाली जातात. पाणकणीसही चालतं, पण ते पसरतं आणि त्याची म्हातारी उडून शेजाऱ्यांच्या हौदात पडते. अळू लावून त्याची वडी करायचा मोह आवरा. जलपर्णी तर अंगणात आणूच नका.

पहिले पंधरा दिवस साधं पाणी, मग आठवडाभर निम्मं सांडपाणी, मग पूर्ण. हे सगळे करतात. माझ्या पहिल्या वाफ्यात जे राहिलं ते पुढचं: रोपं धरली की पातळी एकदम वर ठेवू नका आणि एकदम खालीही नेऊ नका. पहिला महिना पाणी खडीच्या दोन इंच खाली. नंतर दर पंधरा दिवसांनी एल्बो थोडा झुकवून पातळी दोन-दोन इंच उतरवायची. पानं दुपारी गुंडाळली आणि संध्याकाळी उलगडली तर ठीक चाललंय, मुळं पाण्यामागे खाली जातायत. सकाळीही गुंडाळलेलीच दिसली तर घाई झाली, पातळी परत वर घ्या. असं करत दिवाळीपर्यंत दहा-बारा इंचांपर्यंत उतरा, आठवडाभर तिथे राहू द्या आणि मग पुन्हा पूर्ण भरा. पहिल्या वेळी मी जूनपासून मेपर्यंत पाणी काठोकाठ ठेवलं होतं. लाडावलेल्या पोरासारखी ती कर्दळ पानांनी वाढली, मुळांनी नाही.

पाणी कधीही खडीच्या वर दिसता कामा नये. दोन इंच कोरडी खडी वर असली की डासाला अंडी घालायला जागाच मिळत नाही आणि वासही येत नाही.

पान काय सांगतं, काय सांगत नाही

गडद हिरवं, लुसलुशीत, वाऱ्याने लवणारं पान म्हणजे झाडाला नत्र भरपूर मिळतंय. पाणी साफ झालंय असा त्याचा अर्थ नाही. कडा तपकिरी होऊन करपल्या तर क्षार वाढलेत. खालची पानं पिवळी पडली आणि खडी हलवल्यावर काळा चिखल व कुजका वास आला तर मुळं गुदमरतायत. गाळणी बघा आणि एल्बो दोन दिवस झुकवून ठेवा.

पाण्याची परीक्षा पाण्यानेच घ्यावी. दोन काचेच्या बाटल्या घ्या, एकीत गाळणीतलं पाणी, दुसरीत चेंबरमधलं. बूच घट्ट लावून सावलीत तीन दिवस ठेवा आणि मग नाकाशी न्या. पहिली असह्य होईल. दुसरीला मातीचा वास आला तर वाफा काम करतोय. तीही कुजली तर पाणी पुरेसं थांबत नाहीये, किंवा गाळणीतून साबणाची साय पुढे जातेय. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक टीडीएस मीटर घेऊन ठेवा. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात नायट्रेट तपासायच्या पट्ट्याही मिळतात.

टीडीएस मीटर बाहेरच्या पाण्यात आतल्यापेक्षा जास्त आकडा दाखवेल. घाबरू नका, पण कारण समजून घ्या. मे महिन्यात या चाळीस चौरस फुटांतून दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तरी ते ३७ लिटर होतं. दाट कर्दळ असेल तर जास्तच. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. २५० लिटर आत गेले आणि २०० बाहेर आले तर क्षार सव्वापट. तिवर पानातून मीठ बाहेर टाकतं, पान चाटून बघितलं तर खारट लागतं. कर्दळीला ती सोय नाही. म्हणून वर्षातून दोनदा वाफा धुवायचा. एकदा पावसाळ्यात पागोळीचं पाणी वळवून, दुसऱ्यांदा मार्चच्या सुरुवातीला साध्या पाण्याने. आणि धुण्यासाठी पावडरऐवजी द्रवरूप साबण. पावडरीत सोडियमच्या क्षारांची भर जास्त असते.

कापणी

दर दोन महिन्यांनी कर्दळ गुडघ्यापर्यंत कापा आणि कापलेलं वाफ्याबाहेर न्या. पानं तिथेच कुजू दिली तर त्यांतलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात उतरतं, म्हणजे एका हाताने काढलं आणि दुसऱ्या हाताने परत घातलं. खारफुटीत हेच काम ओहोटी आणि खेकडे करतात. खेकडे पानं ओढून बिळात नेतात. इथे खेकडे आपणच. कापलेलं कंपोस्टात घाला किंवा झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरा.

बाहेर येणारं पाणी आम्ही नारळ, चिकू आणि शेवग्याला देतो, आळ्यात आच्छादनाखाली पाइप सोडून. लिंबाला देऊ नका, त्याला क्षार सोसत नाहीत. मेथी-कोथिंबिरीला आणि कच्च्या खायच्या कशालाही नाही. दर वर्षी त्या आळ्यांत थोडं जिप्सम घातलं तर माती चोपण होत नाही.

दोन-तीन वर्षांनी पाणी शिरतं त्या टोकाची फूटभर खडी तुंबते. तेवढीच काढून धुवून परत घालायची, बाकी वाफा हलवायची गरज नाही.

घर बंद ठेवून जाताना

जायच्या चार दिवस आधी कर्दळ फूटभर ठेवून कापून टाका. जीव होत नाही, पण कापा. पानंच नसतील तर पाणी उडणारही कमी. एल्बो पूर्ण उभा करून त्याच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि वाफा साध्या पाण्याने भरा. ७५० लिटरचे दिवसाला चाळीस-पन्नास गेले तरी पंधरा दिवस निघतात, तेही मुळं तळापर्यंत पोचलेली असतील तरच.

यंदाच्या मेमध्ये आम्ही पुन्हा अकरा दिवस बाहेर होतो. आल्या आल्या पिशव्या दारात टाकून मी मागे गेले. कापलेल्या बुंध्यांना हातभर नवी पानं आलेली, दुपारच्या उन्हात सुरळी करून बसलेली. मधल्या पाइपाचं झाकण काढून काठी आत घातली. वर काढली तेव्हा टोकाची चार बोटं ओली होती.